एक तास बावन्न मिनिटं

शारजातल्या मराठी मंडळींत अरुण टिपणिसांना वेळ विचारायची सोय नव्हती. "मुंबईला किती वेळ लागतो हो?" असं कुणी जेवणावळीत सहज विचारलं, की बाकीचं जग 'अडीच-पावणेतीन तास' म्हणून मोकळं होई. टिपणीस हातातली ताटली खाली ठेवत. कुठलं विमान, वारा कुठून, हे विचारून घेत आणि मग सांगत, "दोन तास एकेचाळीस मिनिटं. चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंत." विचारणाऱ्याला तोवर पुरणपोळी गार झाल्याचं दुःख झालेलं असे. त्यांच्या बायकोनं, कुंदाताईंनी, या बाबतीत हात कधीच टेकले होते. "आमच्याकडे चहासुद्धा चार मिनिटं दहा सेकंदांनी उकळतो," असं त्या चारचौघांत म्हणत आणि लोक हसले की स्वतःही हसत.

पण हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. टिपणिसांची भाकरीच त्यावर होती. एअरपोर्टच्या पाठीमागे मालवाहू विमानं भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत ते एकोणऐंशी सालापासून चिकटलेले. गिऱ्हाईक दोन गावांची नावं सांगणार आणि टिपणिसांनी अंतर किती, वेळ किती, ते कागदावर उतरवून द्यायचं. पूर्वी जाडजूड डिरेक्टरीतून अक्षांश-रेखांश काढायचे आणि कॅल्क्युलेटरवर गणित मांडायचं. पुढे कॉम्प्युटर आला. तरी टिपणीस आधी हातानं करत आणि मग कॉम्प्युटरचं बरोबर आलंय का ते बघत.

घरीही या आकड्यांवर संसार चालायचा. गल्फमधलं घर म्हणजे धर्मशाळा. आज भाचा आला, उद्या कुणाचे सासू-सासरे. कुंदाताईंनी फ्रिजशेजारी खिळ्याला एक लांबट वही टांगली होती. तीत एका बाजूला लोणच्याची प्रमाणं आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्यानं सांगितलेल्या विमानांच्या वेळा. विमान उतरायची वेळ, त्यात इमिग्रेशन, सामान, रस्ता धरायचा आणि त्या हिशेबानं कुकर लावायचा. पाहुणा दारात चपला काढतोय आणि आत तिसरी शिट्टी होतेय, असं वर्षानुवर्षं झालं. वरण कधी गार झालं नाही. नवऱ्याच्या मिनिटांवर या बाईचा एवढा विश्वास होता, जेवढा काही बायकांचा देवावरही नसतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा रोनित. त्याला लहानपणी या आकड्यांचा नुसता नादच लागला. शारजाच्या रोला बाजारातून आणलेला पृथ्वीचा गोल घेऊन तो बापासमोर बसायचा. दुबई-लंडन असलं काही विचारायचा नाही, ते त्याला मिळमिळीत वाटायचं. त्याला पृथ्वीच्या टाळूवरची गावं हवी असत, जिथं शाळेतलं कुणी पोचलेलं नाही अशी.

"बाबा, केंब्रिज बे टू यलोनाइफ?"

कॅनडाच्या पार उत्तरेतली ही दोन गावं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर लांबलचक निघे. टिपणीस म्हणत, "नकाशा खोटं बोलतो, बेटा. वरची गावं तो ताणून दाखवतो. गोलावर दोरा लाव." दोरा लावला की दोन्ही गावं एकमेकांजवळ सरकत. मग कॅल्क्युलेटर. चारशे एकोणसाठ नॉटिकल मैल. पंख्याच्या विमानानं एक तास बावन्न मिनिटं. दहा वर्षांच्या रोनितनं ते आईच्या वहीत, कैरीच्या लोणच्याच्या खाली, वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत लिहून ठेवलं होतं. शाळेत मराठी नव्हतंच. आईनं घरी शिकवलेलं, म्हणून तिच्याच वहीत.

आता गंमत बघा. मुलांना कुठलं वेड लावावं याचाही विचार करायला हवा. रोनित शहाण्णव साली कॅनडात शिकायला गेला, इलेक्ट्रिकल इंजिनियर झाला आणि नोकरी धरली ती थेट केंब्रिज बेच्या वीजघरात. टोरोंटोत मराठी मंडळ होतं, गणपती होता, नोकऱ्याही होत्या. पण हा टाळूवर जाऊन बसला. टिपणिसांनी अभिमानानं ऑफिसभर पेढे वाटले. कुंदाताई एवढंच म्हणाल्या, "दोरा लावून जवळ दिसतंय तुम्हाला."

नव्याण्णव साली तो एकदा येऊन गेला. त्यानंतर फोन. मग ईमेल. मग सणावारी फोन.

दोन हजार तीनच्या जानेवारीत कुंदाताईंना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या आणि दुबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप गेली आहे, बदलावी लागेल. शनिवार, एक मार्च ही तारीख दिली. कुंदाताई खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "माझा मुलगा येऊ दे. त्याला एकदा बघते, मग काय कापायचं ते कापा." डॉक्टरांनी समजावलं, मार्चच्या पहिल्या आठवड्यापुढे ढकलणं धोक्याचं आहे. बाईंनी कागदावर सही केली नाही. पर्स उचलली आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

झालं. सगळं येऊन अडलं ते रोनितवर. तो आला तर सही होणार, सही झाली तर ऑपरेशन. टिपणिसांनी त्याला कळवलं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसात फोन आला. तिकडे तेव्हा सकाळचे साडेसात. घरी न करता त्यानं ऑफिसात फोन केला, हे टिपणिसांच्या लक्षात आलं. पण त्यांनी ते मनातल्या मनात बाजूला सारलं.

"बाबा, वेदर इज टेरिबल. एव्हरीथिंग इज शट. दहा-बारा दिवस तरी एकही फ्लाइट नाही," रोनित म्हणाला. "आय वॉन्ट टू कम, पण कसा येऊ? यू टेल आई."

"बर्फ आहे का वारा?"

"बोथ, बाबा. ब्लिझर्ड."

टिपणिसांनी फोन ठेवला. त्या दिवसांत ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. इराकवर युद्ध होणार अशी हवा होती आणि कुवेतकडे माल नेणाऱ्यांची झुंबड उडालेली. शेजारच्या टेबलावर केरळचा मोहिद्दीन बसायचा, चौदा वर्षांपासूनचा जोडीदार. त्याला बिचाऱ्याला मदत करायची हौस. फोनवरचं बोलणं ऐकून आणि टिपणिसांचा चेहरा बघून त्यानं न विचारताच यलोनाइफच्या एका माल-एजंटला ईमेल टाकला, तुमच्याकडे वादळ कधी संपणार म्हणून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मोहिद्दीननं कागद छापून आणला आणि टेबलावर ठेवला.

"टिपणीस साब, वहाँ तो सब नॉर्मल है. दस दिन में एक फ्लाइट लेट हुई, वो भी चालीस मिनट." आणि मग आपल्या हातून काय झालं ते त्याला उमगलं. तो म्हणाला, "मैं चाय लाता हूँ," आणि तो चहा काही त्या दिवशी आला नाही.

टिपणिसांनी हवामानाचे आकडे स्वतः काढून पाहिले. आकाश स्वच्छ. वारा आठ नॉट. असल्या वाऱ्यात पोरं मजेत पतंग उडवतात, विमान कुठलं अडतंय. त्यांनी पुन्हा पुन्हा तारखा ताडून बघितल्या. माणसाला वाटतं, आपल्या पोराचं खोटं म्हणजे टायपिंगची चूक असावी.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. पलीकडून हॅलो आल्यावर त्यांनी ना ख्याली विचारली ना खुशाली.

"रोनित, केंब्रिज बे ते यलोनाइफ?"

सवयीनं, लहानपणच्या त्याच चालीत उत्तर आलं, "फोर फिफ्टी नाइन. वन फिफ्टी टू." आणि मग हलक्या आवाजात, "सो यू चेक्ड."

"तुझी आई सही करत नाहीये. तू ये. दोन दिवस ये."

"आय कान्ट, बाबा. मला नाही बघवणार ते. त्या नळ्या, तो वास. आय जस्ट कान्ट. तुम्ही काहीतरी सांगा तिला."

"काय सांगू? तुझा मुलगा घाबरट आहे म्हणून सांगू?"

"सांगा की पासपोर्ट कंपनीकडे आहे." त्याचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "दॅट वर्क्स. मी एट इयर्स ओल्ड होतो, बाबा. पासपोर्ट तुमच्या ड्रॉवरमध्ये होता. माझ्या क्रेयॉन्सच्या खाली."

टिपणीस रिसीव्हर धरून बसले.

चौऱ्याऐंशी सालची ती गोष्ट. टिपणिसांची आई वाईला आजारी, पोटात पाणी झालेलं, धाकट्या भावाचे शारजातल्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोपावर निरोप. त्या काळी बहुतेक कंपन्या लोकांचे पासपोर्ट तिजोरीत ठेवून घेत. सगळ्यांनाच त्याचा जाच होता. पण खोटं कशाला बोला, सोयही होती. चुलत बहिणीचं लग्न टाळायचंय, जमिनीच्या वाटणीला जायचं नाही, मरणाला तोंड द्यायची छाती नाही, मग काय, पासपोर्ट कंपनीकडे आहे हो, अरबाच्या हातात सगळं. गावाकडचे लोक चुकचुकत आणि अरबाला शिव्या देत. गल्फमधल्या माणसाचं ते हुकमाचं पान होतं. टिपणिसांचा पासपोर्ट त्या महिन्यात व्हिसाच्या कामासाठी घरी आलेला. ते जाऊ शकत होते. त्यांना फक्त आईला त्या अवस्थेत बघायचं नव्हतं. आई अकरा दिवसांनी गेली. शेवटपर्यंत ती आल्यागेल्याला सांगत होती, "माझ्या अरुणला सोडत नाहीत रे ते लोक."

पेरलं ते उगवलं, म्हणतात. उगवायला एकोणीस वर्षं लागली, एवढंच.

घरी जाताना टिपणिसांनी गाडीत बसून खोट्याची जुळणी केली. आयुष्यभर गणितं मांडलेला माणूस. पण हे गणित त्यांना येत नव्हतं. पोराला वाचवायचं होतं, की स्वतःला, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. एवढंच ठरलं होतं की कुंदाची सही झाली पाहिजे.

कुंदाताई सोफ्यावर उशीला टेकून मेथी निवडत होत्या. "काय म्हणाला?"

"वादळ आहे तिकडे. विमानं बंद."

"मग वादळ काय जन्मभर राहणार आहे? आठ दिवसांनी सुटेल. मी थांबते."

"नुसतं वादळ नाही गं." टिपणीस बूट काढायला खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले. "तिथून यलोनाइफ म्हणजे सहा तास. विमान पंधरा दिवसांतून एकदा. तिथून पुढे आणखी तीन विमानं. मार्च संपेपर्यंत तो काही पोहोचत नाही. तेवढं थांबायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

कुंदाताईंचा मेथीवरचा हात थांबला. "किती तास म्हणालात?"

"सहा."

"सहा तास."

"हो. सहा तास."

त्यांनी एक काडी बाजूला टाकली, पुढची जुडी घेतली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं. उद्या जाऊन सही करू या."

टिपणिसांना हायसं वाटलं. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले. देवानं माणसाला काय काय पचवायची ताकद दिली आहे, बघा.

सही झाली. शुक्रवारी कुंदाताई हॉस्पिटलात दाखल झाल्या. शनिवारी सकाळी पावणेसातला त्यांना तयार करून खाटेवर निजवलं होतं. मंगळसूत्र, बांगड्या काढून टिपणिसांच्या हातात दिलेल्या. सिस्टर म्हणाली, दहा मिनिटांत न्यायला येतील. ती गेल्यावर कुंदाताईंनी बॅगेकडे बोट केलं. "त्यात वही आहे. काढा."

फ्रिजजवळची वही होती. खिळ्याचं भोक मोठं होऊन फाटलेलं. टिपणिसांना वाटलं, घरातल्या काही सूचना असतील, कोणता डबा कुठे आहे असल्या.

"लोणच्याचं पान. खाली बघा."

त्यांनी बघितलं. वाकडी अक्षरं, पेन्सिलीची. केंब्रिज बे ते यलोनाइफ. ४५९. १ तास ५२ मि.

"वहीची गरज नव्हती मला," कुंदाताई म्हणाल्या. आवाज शांत होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "तुम्ही सहा तास म्हणालात, तेव्हाच कळलं. अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. तुमच्या तोंडून पूर्ण तास मी कधी ऐकला नाही. तुमच्या मिनिटांवर कुकर लावलाय मी. मला सहा तास सांगता?"

टिपणिसांच्या हातात बांगड्या होत्या, त्या वाजल्या. "मग सही का केलीस?"

"कुणासाठी थांबायचं होतं, तेच उरलं नाही म्हणून."

"कुंदा, तो घाबरलाय गं. वाईट नाही तो."

"घाबरलाय ते ठाऊक आहे मला. तुम्हीही घाबरला होतात. वाईला फोन कुणी केला होता तेव्हा? तुम्ही आतल्या खोलीत जाऊन बसलात. पासपोर्ट कंपनीकडे आहे, असं भावोजींना मीच सांगितलं. सासूबाईंनी फोनवर माझा आवाज ऐकून विचारलं, अरुणला जेवायला तरी देतात ना गं ते लोक? मी हो म्हणाले. रोनित माझा पदर धरून उभा होता. सगळं ऐकत होता." त्या जराशा थांबल्या, दम लागला होता. "त्याचा राग नाही मला. आपण दोघांनी शिकवलं, तो शिकला. राग तुमचा आहे. त्यानं खोटं बोलावं, तो लांब आहे. तुम्ही माझ्यासमोर बूट काढत बोललात."

टिपणिसांना सांगायचं होतं की सहीसाठी बोललो, तुझ्या जिवासाठी बोललो. ते खरंही होतं, निम्मं. पण निम्मं खरं कसं सांगायचं, हे त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं.

दोन माणसं खाट न्यायला आली. चाकांचे ब्रेक सुटले. दाराशी पोचेपर्यंत टिपणीस खाटेला धरून चालले. तिथे कुंदाताईंनी मान वळवून विचारलं, "किती वेळ लागेल म्हणाले डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले होते, चार तास लागतील, कदाचित सहा, उघडल्यावर कळेल. टिपणिसांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या डोळ्यांत त्यांना भीती दिसली.

"चार तास सतरा मिनिटं," ते म्हणाले.

कुंदाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आता नीट जमायला लागलं तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि खाट आत गेली.

ऑपरेशन सव्वापाच तास चाललं. कुंदाताई वाचल्या. रोनितचा ईमेल आला, चार ओळींचा, खाली भरपूर उद्गारचिन्हं, समरमध्ये नक्की येतो म्हणून. टिपणिसांनी तो वाचून दाखवला. कुंदाताईंनी ऐकला आणि औषधाची बाटली मागितली.

एप्रिलमध्ये त्या विश्रांतीसाठी पुण्याला, बहिणीकडे जायला निघाल्या. परत कधी येणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि टिपणिसांनी विचारलं नाही. सामान बांधून झालं होतं. फ्रिजशेजारच्या खिळ्याला काही नव्हतं. बहिणीचा फोन आला, गाडी मुंबईला किती वाजता पाठवू म्हणून. टिपणीस समोरच बसले होते. त्यांनी सकाळीच सगळं काढून ठेवलं होतं. विमान कुठलं, वारा कुठून. दोन तास अडतीस मिनिटं. ते त्यांच्या अगदी जिभेवर होतं.

"थांब हं, विचारून सांगते," कुंदाताई बहिणीला म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला, चष्मा लावला, तिकिटामागचा एअरलाइनचा नंबर बोटानं शोधून फिरवला आणि पलीकडच्या अनोळखी मुलीला हिंदीत विचारलं, फ्लाइट बंबई कितने बजे पहुँचती है.

टिपणीस ऐकत बसले. मुलगी काहीतरी म्हणाली. कुंदाताईंनी ते तळहातावर लिहून घेतलं.

"अंदाजे अकरा," त्या बहिणीला पुन्हा फोन लावून म्हणाल्या. "हो गं, अंदाजे. चालेल की."